हशा कशाला येतो?



मुलगा नववीत गेला, उलट बोलू लागला, क्लास बुडवू लागला, की घरात निदान तयारच असतं: संगत वाईट! ते बरेचदा खरंही असतं. पण संगत नेमकं करते काय?

अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये थॉमस डिशियन या मानसशास्त्रज्ञाने ते बारकाईने पाहिलं. 13-14 वर्षांच्या मुलांना एकेका मित्राबरोबर बसवून त्यांच्या 25 मिनिटांच्या गप्पा चित्रित केल्या, आणि मित्र कशाला हसतो याची नोंद ठेवली. सरळमार्गी जोड्यांत साध्या थट्टामस्करीला हशा यायचा. वाह्यात मुलांच्या जोड्यांत साधं बोलणं कोरडंच जायचं. चोरी, मारामारी, नियम मोडणं असा विषय निघाला की मात्र खसखस पिकायची. जिथे ही दाद जास्त, तिथे पुढच्या दोन वर्षांत मुलांचे उद्योगही वाढले. दमदाटी नाही, फूस लावणं नाही. नुसतं हसणं. तमाशातल्या सोंगाड्याप्रमाणे मुलगाही, जिथे टाळी पडते तेच पुन्हा करतो.

आता याची दुसरी बाजू, आणि मला तीच जास्त अस्वस्थ करते. बॉस्टनजवळ केंब्रिज आणि सॉमरव्हिल इथे मुलं बिघडू नयेत म्हणून 1939 मध्ये एक उपक्रम सुरू झाला. 506 मुलं निवडली. निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं, असं वर्षानुवर्षं मिळालं. उपक्रम संपल्यावर सुमारे तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांची गत उरलेल्यांपेक्षा काही बाबतींत वाईटच निघाली. गंमत म्हणजे त्यांतले बहुतेक जण सांगत होते, आम्हाला फायदा झाला! पुढे आकडे उकलले तेव्हा नुकसान दिसलं ते मुख्यतः वारंवार शिबिराला धाडलेल्यांत. मोठ्यांची पाठ वळल्यावर तिथे बढाया रंगत असणार, हा मॅककॉर्ड यांचा तर्क मला पटतो.

आपल्या 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळ गुन्हा केलेल्या मुलाला गट-समुपदेशनाला पाठवू शकतं. पाठवावंही. पण गटात सगळे एकाच वाटेचे नकोत, आणि चहाच्या सुट्टीतही कुणी जाणतं माणूस जवळ असावं. डिशियन यांच्याच एका प्रयोगात अशा मुलांचे गट केल्यावर धूम्रपान वाढलं होतं. पालकांचे गट घेतले, तिथे मात्र घरातली भांडणं कमी झाली.