जुन्या गो-कार्टचा जीर्णोद्धार

अमेरिकेंतील लहान गांवांत उन्हाळ्याच्या दिवसांत एक देखावा वारंवार दृष्टीस पडतो. घरांतील अडगळ अंगणांत मांडून विकावयास ठेवलेली असते, आणि जुन्या खुर्च्यांच्या व मोडक्या दिव्यांच्या शेजारीं लोखंडी नळ्यांची, चार चिमुकल्या चाकांची एक बुटकी गाडी गंजत पडलेली असते. हीच गो-कार्ट. तिला छत नाहीं, दारें नाहींत. आसन जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. आणि पाठीमागें गवत कापण्याच्या यंत्राला शोभेल एवढेंच इंजिन. विकणारा सांगतो कीं, गेल्या सालापर्यंत ती उत्तम चालत होती. मुलगा बापाचा हात ओढूं लागतो, किंमत थोडी असते, आणि बापालाही मोह पडतो. त्या मोहाचें चीज कसें करावें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

या गाडीचा जन्मच मुळीं पडून राहिलेल्या मालांतून झाला. कॅलिफोर्नियांतील ग्लेन्डेल येथें शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्ट या कारखान्यांत आर्ट इंगल्स नांवाचा कारागीर होता. १९५६ सालीं त्यानें लू बोरेली या मित्राच्या साहाय्यानें नळ्यांचा एक सांगाडा जोडला व त्यावर वेस्ट बेंड कंपनीचें छोटें इंजिन बसविलें. तें इंजिन मूळचें गवत कापण्याच्या यंत्रासाठीं तयार केलेलें. तो बेत फसल्यामुळें शिल्लक राहिलेलें आणि म्हणून स्वस्त. पॅसाडेना येथील रोझ बोल क्रीडांगणाच्या मोकळ्या आवारांत ही गाडी धांवूं लागतांच पाहणाऱ्यांना तिचें वेड लागलें, आणि थोड्याच काळांत तशा गाड्यांचे कारखाने निघाले. तेव्हां टाकलेली गो-कार्ट थोडक्या पैशांत उभी करणें हें तिच्या कुळाला साजेसेंच आहे.

परंतु थोडक्या पैशांत म्हणजे कसेंबसें नव्हे. काटकसरीची खरी युक्ति खर्च टाळण्यांत नसून खर्चाचा क्रम लावण्यांत आहे. पुष्कळ लोक तो उलटा लावतात: आधीं इंजिन, मग रंग, आणि पैसे उरलेच तर ब्रेक. योग्य क्रम याच्या नेमका विरुद्ध आहे. आधीं सांगाडा, मग गाडी थांबविण्याचीं व वळविण्याचीं साधनें, त्यानंतर इंजिन, आणि रंग सर्वांच्या शेवटीं. न चालणारी गाडी कोणाचें वाईट करीत नाहीं; चालणारी पण न थांबणारी गाडी मात्र घात करते.

म्हणून परीक्षेला सुरुवात विकत घेण्यापूर्वींच करावी. गाडी आडवी करून खालच्या नळ्या पाहाव्या. पाणी तेथेंच सांचतें व गंज आंतून नळी खातो. नळीवर पेचकसाच्या मुठीनें ठोकीत गेल्यास चांगलें लोखंड खणखणीत वाजतें, कुजलेलें बद्द आवाज देतें. नंतर पुढच्या चाकांचे आधार व इंजिनाची पाटी जेथें सांगाड्याला जोडली आहे, ते सांधे तारेच्या ब्रशानें घांसून न्याहाळावे. तडा रंगाखालीं लपलेला असूं शकतो. एखादा तडा चांगल्या वेल्डरकडून सांधून घेतां येतो; पण नळ्याच कुजल्या असतील तर गाडी फुकटही घेऊं नये. शेवटीं इंजिनाची दोरी हळूच ओढून पाहावी. ती मुळींच हलत नसेल तर इंजिन जाम झालें आहे, असें समजून किंमत ठरवावी.

गाडी घरीं आली कीं, पहिला पैसा ब्रेकवर खर्चावा. बहुतेक साध्या गो-कार्टना ड्रमभोवतीं आवळणारा पट्ट्याचा ब्रेक असतो. त्याचें अस्तर झिजलें असेल किंवा तेलानें माखलें असेल, तर पट्टा बदलावा. तो फारसा महाग नसतो. पायानें दाबावयाच्या दोन्ही पट्ट्या, म्हणजे वेगाची व ब्रेकची, पाय उचलतांच आपोआप मागें आल्या पाहिजेत. त्यांच्या स्प्रिंगा सैल असतील तर लगेच नव्या घालाव्या. पुढें सुकाणूचें चक्र धरून हलवावें. चक्र हलतें पण चाकें हलत नाहींत, असा मोकळा खेळ अधिक असेल, तर सळ्यांच्या टोंकांचे सांधे झिजले आहेत. बोल्ट निसटूं न देणाऱ्या बारीक पिना गळाल्या असतील तर त्या पुन्हां बसवाव्या. टायरला भेगा पडल्या असतील तर तो टाकून द्यावा. नुसती ट्यूब फुटली असेल तर ती बदलली कीं काम भागतें. येथें एक सावधगिरी हवी. या लहान चाकांच्या लोखंडी कडा पुष्कळदां दोन भाग बोल्टांनीं जोडून केलेल्या असतात. आंतील हवा पूर्ण काढल्यावांचून ते बोल्ट सोडल्यास दोन्ही भाग उसळून अंगावर येतात.

आतां इंजिन. इंजिन कितीही लहान असलें तरी त्याच्या मागण्या तीन: योग्य वेळीं ठिणगी, हवेत मिसळलेलें ताजें पेट्रोल, आणि तें मिश्रण दाबून धरणारें घट्ट सिलिंडर. जुन्या इंजिनाचा रोग या तिन्हींपैकीं कोणत्या बाजूस आहे, तें एकेक तपासून ठरवावें. अंदाजानें सुटे भाग आणीत बसल्यास पैसा जातो व रोग तसाच राहतो. दोरी ओढतांना हाताला एका ठिकाणीं जोराचा अडथळा लागला, तर दाब बहुधा ठीक आहे. मग ठिणगीचा प्लग काढून, वायर लावून, इंजिनाच्या उघड्या धातूला टेंकवावा व दोरी ओढावी. पेट्रोल मात्र तेव्हां दूर असावें. निळी, कडक ठिणगी दिसली पाहिजे. न दिसल्यास आधीं साधे उपाय करावे: बंद करण्याच्या बटणाची वायर कोठें घांसून धातूला लागली आहे काय तें पाहावें, नवा प्लग लावून त्याच्या टोंकांतील अंतर सुमारें पाऊण मिलिमीटर ठेवावें, आणि फिरत्या चक्राच्या चुंबकांवरील गंज बारीक काचकागदानें पुसावा.

ठिणगी आहे, दाब आहे, तरीही इंजिन गप्प आहे, असें झाल्यास दोष बहुधा पेट्रोलाच्या वाटेवर असतो. अमेरिकेंत मिळणाऱ्या पेट्रोलांत बहुधा एकदशांशापर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओल ओढून घेतें. शिवाय कांहीं महिने पडून राहिलेलें पेट्रोल विटतें व त्याचा चिकट साका कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या छिद्रांत बसतो. टांकी रिकामी करावी, कडक झालेली रबरी नळी बदलावी, कार्ब्युरेटर उघडून विशिष्ट द्रवानें धुवावा, आणि छिद्रें तांब्याच्या एकाच बारीक तारेनें मोकळीं करावीं. पोलादी तार घालून छिद्र मोठें केलें तर तो भाग बदलण्यावांचून गति नाहीं. या कामाला पैसा थोडा व धीर फार लागतो. आणि बंद पडलेल्या पुष्कळ गाड्या एवढ्यानेंच बोलूं लागतात. इंजिनांतील काळें तेल काढून नवें भरावें. पांच-सहा अश्वशक्तीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला तें सुमारें ६०० मिलिलीटर पुरतें. टू-स्ट्रोक इंजिनास मात्र तेल पेट्रोलांतच, निर्मात्यानें सांगितलेल्या प्रमाणांत, मिसळून द्यावें लागतें.

इंजिनाची शक्ति चाकापर्यंत नेणारे दोन भाग म्हणजे क्लच व साखळी. क्लच इंजिनाचा वेग वाढल्यावरच पकड घेतो. म्हणूनच इंजिन सावकाश फिरत असतांना गाडी उभी राहते. गंजलेला क्लच अडकून बसला असेल तर इंजिन सुरू होतांच गाडी सुटते. यासाठीं पहिल्या वेळीं मागचीं चाकें ठोकळ्यांवर उचलून धरावीं आणि गाडी उघड्या जागेंत ठेवावी. बंद खोलींतील धूर प्राणघातक असतो. साखळीला मध्यावर बोटानें दाबल्यास सुमारें बारा मिलिमीटरचा झोल असावा. दांते आंकड्यासारखे वांकले असतील तर साखळी व दांतेचक्र दोन्ही एकदम बदलावीं. नवी साखळी जुन्या दांत्यांवर लवकर झिजते.

एका जागीं मात्र हात आवरला पाहिजे. वेगाला मर्यादा घालणारा गव्हर्नर अशा फोर-स्ट्रोक इंजिनाला साधारणतः मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या पलीकडे जाऊं देत नाहीं. तो काढून टाकावा, असा सल्ला उत्साही मित्र देतात, आणि त्याला खर्चही कांहीं नाहीं. परंतु वाढलेल्या फेऱ्यांनीं आंतला दांडा तुटूं शकतो किंवा फिरतें चक्र फुटूं शकतें. आणि बसणाऱ्याची पाठ त्याच्यापासून हातभर अंतरावर असते. त्याचप्रमाणें साखळीवरचें झांकण हरवलें असेल तर पत्र्याचें नवें करून बसवावें; लांब केस किंवा सैल कपडा साखळींत गुंतून प्राणांवर बेततें. शिरस्त्राण नवें घ्यावें, आणि गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेऊं नये.

इतकें करूनही इंजिनांत दाबच नसेल तर काय? तेव्हां वही काढून हिशेब मांडावा. व्हाल्व घांसून काम होत असेल तर घांसावे. पण नव्या इंजिनाला गाडीच्या दुप्पट-तिप्पट दाम पडत असेल तर ती चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होय. एखादें बिघडलेलें गवतयंत्र स्वस्त मिळालें म्हणूनही हुरळून जाऊं नये. पुष्कळ गवतयंत्रांच्या इंजिनाचा दांडा उभा असतो आणि गो-कार्टला आडवा लागतो.

बारा वर्षांचा मुलगा बापाशेजारीं बसून ज्या हातांनीं ब्रेकचा पट्टा आवळतो, तेच हात पुढें ती गाडी चालविणार असतात. ती कशानें थांबते, हें त्याला ती पळण्याआधीं कळलेलें असतें. दुकानांतून आणलेली नवी कोरी गाडी बहुधा हें शिक्षण देत नाहीं. आणि जुन्या गाडीच्या किमतींत तें मिळत असेल तर, रंग द्यावयास पैसे उरले नाहींत तरी, सौदा तोट्याचा म्हणतां येणार नाहीं.