आत्याचं फडकं आणि सेरोटोनिन

आज अर्धशिशीबद्दल बोलू.

खर्ड्याला आत्याकडे उन्हाळ्यात गेलो की एक दृश्य हमखास दिसायचं. दुपारी उन्हातून आली की आत्या दार लोटून अंधारात पडायची, कपाळाला फडकं करकचून बांधून. "कानशिलावरची शीर उडती रे," म्हणायची.

गंमत म्हणजे शास्त्रज्ञही बरीच वर्षं हेच म्हणत होते. १९३८ मध्ये ग्रॅहम आणि वुल्फ यांनी दाखवलं, की अर्गोटामिन दिलं की कानशिलावरच्या धमनीचे ठोके मंदावतात आणि दुखणंही उतरतं. १९४८ मध्ये रक्तातून सेरोटोनिन वेगळं काढलं गेलं. ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून तर त्याला ते नाव पडलं. मग हिशेब सरळ झाला: सेरोटोनिन घटलं, वाहिन्या फुगल्या, डोकं ठणकलं. १९९१ मध्ये याच विचारातून सुमाट्रिप्टान बाजारात आलं आणि पुष्कळांना लागूही पडलं.

पण आमच्या कोडिंगमध्ये होतं ना, एक बदल केला, बग गेला, आणि कारण नंतर भलतंच निघालं? तसंच काहीसं. ही गोळी सेरोटोनिनच्या दोन जागी बसते. 'वन-बी' रक्तवाहिनीच्या भिंतीवर, तिथे ती वाहिनी आवळते. 'वन-डी' चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या टोकांवर, तिथे ती सीजीआरपी नावाचं वेदना वाढवणारं रसायन सुटू देत नाही. पुढे २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये ऐन झटक्यात स्कॅन केले, तर कवटीबाहेरच्या धमन्या जवळजवळ फुगलेल्याच नव्हत्या! २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लास्मिडिटान तर वाहिनी न आवळताच काम करतं. म्हणजे ठणका मुख्यतः नसेचा, शिरेचा नव्हे.

हे सगळं मी का वाचत बसलो? गेल्या वर्षी आत्याच्या हृदयात स्टेंट बसला. आणि तिच्या डबीत वर्षानुवर्षं मेडिकलमधून आणलेली अर्गोटामिनची गोळी. "अर्धी घेतली की उतरतं रे." उतरतं, आत्या. पण ती गोळी फक्त डोक्यातल्या वाहिन्या बघून आवळत नाही, हृदयाच्याही आवळते. हृदयविकार असेल तर अर्गोटामिनही नको आणि ट्रिप्टानही नको. स्टेंट बसवताना या गोळीचा विषयच निघाला नव्हता. डोकेदुखीची गोळी कोण कशाला सांगतंय!

पुढच्या तपासणीला डबीच सोबत नेली. डॉक्टरांनी गोळी बंद केली, दुसरं औषध दिलं.

फडकं अजून बांधते.