दोन वर्षांची घरं

७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात भूकंप झाला. वेळ सकाळी ११ वाजून ४१ मिनिटांची; मुलं शाळेत, माणसं कामावर. सुमारे २५ हजार जीव गेले. स्पिताक भुईसपाट झालं. लेनिनाकानमध्ये, म्हणजे आजच्या ग्युम्रीत, नव्या नऊमजली इमारती कोसळल्या; जुनी बुटकी दगडी घरं मात्र बरीच टिकली. सरकार म्हणालं, दोन वर्षांत नवी घरं देऊ. तोवर राहायला पत्र्याच्या खोल्या, ‘दोमिक’.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघच मोडला.

पडलेलं अमेनाप्रकिच चर्च पुन्हा उभं राहिलं, छानच झालं. पण तीस वर्षांनीही कित्येक कुटुंबं दोमिकमध्येच होती. आम्ही गटातल्या बायका ‘तात्पुरतं’ या शब्दापाशीच अडलो. दोमिकमध्ये जन्मलेल्या मुली तिथेच आई झाल्या. आणि ग्युम्रीची थंडी शून्याच्या खूप खाली जाते.