फेरफाराची मर्यादा



अध्यक्षपदाच्या बहुमानाबद्दल आभार मानण्याचा उपचार मी आटोपता घेतो; कारण एखाद्या नावाजलेल्या जुन्या व्हिडिओ गेमचा रीमेक करताना त्यात फेरफार करावा तो कितपत, हा आज माझ्याकडे सोपवलेला विषय या सभागृहातील अनेकांच्या पोटापाण्याशी निगडित आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या घराण्यातील ‘द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ सालच्या खेळाचा रीमेक पुण्यात आणि मुंबईत तयार होत असल्याची घोषणा यूबिसॉफ्टने २०२० मध्ये केली, त्याची पहिली झलक पाहताच चहूकडून टीकेची झोड उठली, आणि २०२२ मध्ये ते काम, मूळ खेळ जेथे घडला होता त्या माँट्रियलच्या कार्यालयाकडे वर्ग झाले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या टीकेचा रोख बव्हंशी चेहरेपट्टीवर आणि रंगरूपावर होता. रंगरूपावर कोणालाही मत देता येते. जुन्या खेळाचे सत्त्व मात्र पुष्कळदा त्याच्या दारिद्र्यात दडलेले असते, आणि ते ओळखायला त्या दारिद्र्याचा इतिहास माहीत असावा लागतो.

याच घराण्याच्या मूळ पुरुषाचा दाखला घ्या. जॉर्डन मेकनर यांनी ॲपल टू या यंत्रासाठी १९८९ मध्ये पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ सिद्ध केला, तेव्हा आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून, त्याचे चित्रण करून, त्यावरून एकेक चित्र उतरवून त्यांनी नायकाची हालचाल साधली. परंतु या चित्रांनीच यंत्राची मेमरी व्यापल्यामुळे शत्रूसाठी निराळी चित्रे ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा नायकाचीच आकृती किंचित सरकवून मूळ आकृतीशी अशा रीतीने भिडवली की दोहोंत जे समान ते पुसले जावे, आणि उरलेल्या लुकलुकत्या रेषांतून छायापुरुष जन्मास आला. नायक आरशातून उडी घेतो त्या क्षणी हा पलीकडून बाहेर पडतो, पुढे नायकाच्या वाटणीची कुपी पिऊन टाकतो, दरवाजा लावून आपल्याला खाली पाडतो, आणि अखेरीस समोर ठाकला असता त्याच्यावर केलेला वार आपल्याच अंगावर उमटतो. तलवार म्यान करणे हाच तेथे एकमेव उपाय. आज मेमरीची ददात नसलेला एखादा उत्साही कलावंत या छायेला स्वतंत्र मुखवटा, चिलखत आणि दोन-चार दमदार संवाद बहाल करील, तर खेळ श्रीमंत होईल आणि छाया मरेल.

धुक्याचीही अशीच कैफियत आहे. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्ये प्लेस्टेशनला दूरचे रस्ते आणि इमारती दाखवणे झेपेना म्हणून गाव धुक्यात आणि अंधारात बुडवले गेले, आणि ती सोयच त्या खेळाच्या भयाचे अधिष्ठान झाली. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’ (सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ‘व्हाइस सिटी’ खेळलेल्या पिढीला या घराण्याची ओळख करून द्यायला नको) २००४ मध्ये आला, तेव्हा त्याच्या क्षितिजावर असेच धूसर आवरण होते, २०२१ च्या नव्या आवृत्तीत ते निघाले, आणि विमानातून पाहावे तो तीन शहरांचे ते अफाट राज्य एका नजरेत मावू लागले. नकाशा तसूभरही आक्रसला नव्हता.

यावरून जुन्याला हात लावणेच पाप, असा अर्थ कोणी काढील तर तो मला मान्य नाही. शिंजी मिकामी यांनी १९९६ चा आपलाच ‘रेसिडेंट ईव्हिल’ २००२ मध्ये पुन्हा रचला, तेव्हा हवेलीची भिंत न् भिंत नव्याने रंगवली. तथापि गोळ्यांची टंचाई, टाइपरायटरच्या शाईफितीवाचून खेळ सेव्ह करू न देण्याची सक्ती, आणि कोपऱ्यापलीकडचे न दाखवणारा जागचा कॅमेरा, ही जाचक वहिवाट त्यांनी जाणूनबुजून कायम ठेवली. बदल केला तो जुन्या खेळाडूच्या स्मरणशक्तीवर घाला घालणारा. ज्या बोळात कुत्रे काच फोडून आत येतात हे त्याला पाठ होते, तेथे पहिल्या खेपेस काच नुसती तडकते, तो सुटलो म्हणून पुढे जातो, आणि कुत्रे येतात ते नंतरच्या फेरीत. गोळ्या घालून पाडलेल्या चालत्या प्रेताचे डोके उडवले नाही किंवा रॉकेल ओतून ते जाळले नाही, तर काही वेळाने तेच लालबुंद होऊन, पहिल्याहून दुप्पट त्वेषाने, अंगावर धावते. माहितगार खेळाडू अशा रीतीने पुन्हा नवशिका झाला, म्हणजे १९९६ मध्ये होता तसा झाला. मूळ कृतीशी याहून मोठी निष्ठा माझ्या तरी पाहण्यात नाही.

कॅमेरा तरी जागचाच हवा असे कोठे आहे? ‘रेसिडेंट ईव्हिल २’च्या २०१९ च्या रीमेकमध्ये तो नायकाच्या खांद्यामागे आला. चौकटीबाहेरचे न दिसण्याची धास्ती त्याबरोबर जायची. परंतु पोलीस ठाण्याच्या कोठल्यातरी दालनातून चालणाऱ्या मिस्टर एक्स या अवाढव्य शत्रूच्या बुटांचा आवाज तीच धास्ती कानांवाटे वसूल करतो. जुनी अडचण कोणती चाकरी बजावत होती हे ज्याला कळले, त्याने ती अडचण खुशाल बरखास्त करावी.

कथेतील फेरफार हा मात्र निराळा कज्जा आहे. ‘फायनल फँटसी ७’च्या २०२० च्या रीमेकमध्ये पात्रे जुन्या कथानकापासून ढळू लागली की त्यांना अडवणारी भुतेच अवतरतात, आणि शेवटी नायक त्यांच्याशीच झुंजतो. मला हे धाडस आवडले. परंतु एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती तिच्या मजकुरात आपली ओवी न घुसडता, आणि स्वतःचे म्हणणे ‘भावार्थ रामायणा’त मनमुराद मांडले, वेष्टनावर ‘रीमेक’ असे छापून आत दुसरीच कथा विकणाऱ्यांना तो विवेक साधलेला नाही.

नवे कितीही बदलले तरी जुने हाताशी असेल तर तक्रार निम्मी उरते, आणि येथेच आमच्या धंद्याची वर्तणूक लाजिरवाणी आहे. ‘सॅन अँड्रियास’ची नवी आवृत्ती येताना रॉकस्टार कंपनीने जुनी विक्रीतून काढून घेतली, आणि ओरड झाल्यावर संगणकापुरती परत दिली. ‘सायलेंट हिल २’चे २०१२ मधील एचडी रूप करणाऱ्यांच्या हाती खेळाचा अंतिम सोर्स कोड पडलाच नाही, कारण तो जपून ठेवलेला नव्हता, धुके तेथेही बिघडले. मेकनर यांच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा हरवलेला सोर्स कोड त्याच वर्षी त्यांच्या वडिलांना एका खोक्यातल्या फ्लॉप्यांत सापडला, हा निव्वळ दैवयोग.

म्हणून विषयनियामक समितीपुढे मी एक ठराव ठेवीत आहे. आपल्या सभासदांनी रीमेकचे काम पत्करताना करारनाम्यात दोन कलमांचा आग्रह धरावा: मूळ खेळ विक्रीतून काढला जाऊ नये, आणि नव्या-जुन्या दोहोंचा सोर्स कोड, चित्रे व ध्वनी तारीखवार सूचीसह दफ्तरी जमा व्हावेत. मालक कंपन्या पहिल्या कलमाला हरकत घेतील, कारण जुनी स्वस्त प्रत नव्याच्या विक्रीच्या आड येते असा त्यांचा समज असतो. त्या हरकतीच्या उत्तराचा मसुदा करारांचा अनुभव असलेल्या सभासदांनी दुपारच्या सत्रापूर्वी तयार करावा, अशी माझी विनंती आहे.