टीबी लपवल्याने बरा होत नाही



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरीही आज टीबीवर बोलतोय, कारण हा आजार आमच्याच घरात येऊन गेला.

नांदेडला देगलूर नाक्याजवळ राहणारे माझे चाचा तीन महिने खोकत होते. आधी खोकल्याचं औषध, मग अँटिबायोटिक, मग दुसरं अँटिबायोटिक. वजन उतरत गेलं. थुंकी तपासा असं कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. शेवटी निदान झालं, तेव्हा घरातला पहिला प्रश्न होता, "बाहेर कळलं तर पोरीच्या रिश्त्याचं काय?" चाचांचं ताट आणि पेला वेगळा केला गेला.

टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, तेव्हा जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. म्हणजे आम्ही ताट वेगळं केलं, पण त्याआधी तीन महिने सगळे एकाच खोलीत, खिडकी लावून झोपलो होतो.

हा शाप नाही आणि खानदानी रोगही नाही. तो जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं. म्हणूनच 24 मार्च हा जागतिक क्षयरोग दिन आहे.

जंतू शरीरात गेला की लगेच आजार होतो, असंही नाही. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. अशा शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बग आत पडून असतो आणि सिस्टिम कमजोर झाली की वर येतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू आणि दारू या गोष्टी त्याला वाट करून देतात. लातूरला क्लाससाठी एका खोलीत चौघं राहून, वडापाववर दिवस काढणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, भूक आणि वजन कमी होणं, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर थुंकी तपासून घ्या. फक्त एक्स-रेवर थांबू नका. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला ते थुंकीत भरपूर असावे लागतात, त्यामुळे काही रुग्ण निसटतात. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या चाचण्या जंतूचा डीएनए शोधतात. त्यांचा निकाल काही तासांत मिळतो आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हेही कळतं. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार सुरू असताना पोषणासाठी मिळणारी मदत नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये झाली आहे. ती थेट बँक खात्यात जमा होते.

साधा टीबी सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो. महिना-दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात. मग उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि उपचार आणखी लांब, आणखी अवघड होतो. रमजानमध्येही डोस चुकवू नका. रोजा ठेवायचा का आणि गोळ्या सेहरीला घ्यायच्या की इफ्तारला, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

चाचांच्या निदानानंतर घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. जिच्या रिश्त्यासाठी आम्ही आजार लपवत होतो, त्याच चुलत बहिणीच्या मानेतली गाठ टीबीची निघाली. टीबी फुप्फुसाबाहेरही होतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. लपवत राहिलो असतो, तर तिची गाठ कुणी तपासलीच नसती.

दोघंही आज बरे आहेत. रिश्ता आला तेव्हा तिने स्वतःच समोरच्यांना सांगितलं, "मला टीबी झाला होता. पूर्ण औषध घेतलं. बरी झाले."

तुमच्या घरात, गल्लीत, हॉस्टेलच्या खोलीत कुणी दोन आठवडे खोकत असेल, तर त्याला टाळू नका. त्याच्यासोबत दवाखान्यात जा. एवढंच सांगायला मी आलो होतो.