कुकमध्ये बघा

सह्याद्रीत अनोळखी फूल दिसलं, की वनस्पतीशास्त्रातले जुने जाणकार म्हणतात, ‘कुकमध्ये बघा.’ हे थिओडोर कुक मूळचे आयर्लंडचे, पेशानं इंजिनिअर आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य. निवृत्तीनंतर लंडनच्या क्यू उद्यानात बसून त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागानं निघाला. कोणती वनस्पती कुठं सापडली, कोणी गोळा केली, तिला मराठीत काय म्हणतात, याच्या नोंदी त्यात आहेत. नवख्याला मात्र त्यातल्या परिभाषेनं घाम फुटतो!

खाणीचा किंवा धरणाचा पर्यावरण अहवाल तपासताना असा ग्रंथ हाताशी हवा. अहवालातली वनस्पतींची पाहणी कित्येकदा एकाच ऋतूतली असते, तीही पावसाळा वगळून. आता मे महिन्यात कासच्या पठारावर काय दिसणार? कातळ! पावसाळी वनस्पती अशा पाहणीतून निसटतात; ग्रंथातल्या नोंदींशी ताडून पाहिलं, की ते ध्यानात येतं.

प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवावा लागतो. तुमच्या भागात सुनावणी असेल, तर तो जरूर मागा आणि पाहणी कोणत्या महिन्यांत झाली, ते आधी पाहा.