मातीचा बैल आणि आमची पोरे
(धुळे तालुक्यातील एका खेड्यात पोळ्यापूर्वी भरलेल्या पालकसभेत आम्ही केलेले भाषण)



श्रावणी अमावास्या जवळ आली आहे. कुंभारवाड्यात बैलांच्या जोड्या वाळत पडल्या आहेत. त्याच मातीच्या बैलाविषयी आज आम्ही बोलणार आहोत. तीन ते सहा वर्षांच्या पोरांनी, अंगणवाडीत असोत की घरी, हा बैल आपल्या हातांनी करावा आणि तो करता करताच बोलावयास, मोजावयास, निरखावयास व पुढे लिहावयास शिकावे, असे आमचे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप गावातूनच येतो. "गुरुजी, आमचा बाप मातीत राबला, आम्ही मातीत राबतो; पोरानेही शाळेत जाऊन मातीच तुडवायची, तर पाटी-दप्तर कशाला?" असे विचारणारा मनुष्य अडाणी नव्हे. त्याच्या वाडवडिलांना आलेला अनुभव त्याच्या तोंडून बोलतो. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली. तीत सार पुष्कळ होते; परंतु पोरांच्या कमाईतून शाळेचा खर्च निघावा ही जी जोड तिला दिली होती, ती गरिबाच्या पोराला लहानपणीच मजूर करणारी नाही काय, ही शंका तेव्हाच निघाली. पुढे १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने खेड्यांतील प्राथमिक शाळेची वेळ कमी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा असे ठरविले. म्हणजे न्हाव्याच्या पोराने वस्तरा घ्यावा आणि चांभाराच्या पोराने आरी! पेरियार रामस्वामी व त्यांच्या अनुयायांनी त्याविरुद्ध रान उठविले. १९५४ साली राजगोपालाचारी पायउतार झाले व ती योजनाही गेली. योग्यच झाले.

तेव्हा आमचा बैल कोणत्या जातीचा, हे आधी सांगतो. तो कोणाच्याही जातीचा नाही. तो पाटलाच्या नातवाने करावा, कुंभाराच्या मुलीने करावा, भिल्लाच्या पोराने करावा, आणि गावात ब्राह्मणाचे घर असेल तर त्या घरच्या मुलानेही हात काळे करावेत. तो विकावयाचा नाही. मुलीने बैल करावा, मुलाने चूल करावी. धंदा शिकविण्याचे हे वयच नव्हे.

मग शिकावयाचे काय? पोरांपुढे मातीचे दोन ढीग ठेवा, एक शेतातल्या काळीचा आणि एक कुंभाराने राख व लीद घालून मळलेल्या मातीचा. दोहोंचे गोळे करून सावलीत वाळवा. काळीचा गोळा लवकर तडकतो, दुसरा बहुधा टिकतो. असे का? काळी ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणूनच वैशाखात आपल्या कपाशीच्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही गोष्ट पोराला पुस्तकातून सांगितली तर ते विसरेल. आपला गोळा फुटला म्हणून रडलेले पोर ती विसरत नाही.

आता हिशेब. एका बैलाला पाय चार, शिंगे दोन. जोडीला पाय किती? पोर बोट लावून मोजते, आणि एखादे पोर वशिंडही पायांत मोजते, तेव्हा हसू नये. करवंट्यांचा तराजू करून ओला बैल खड्यांनी तोला. चार दिवसांनी तोच बैल त्याच खड्यांनी तोला. बैलाचे पारडे वर जाते. पाणी गेले कोठे? येथे पोरांचा जो वाद जुंपतो, तो ऐकण्यासारखा असतो. सारखे दोन गोळे दाखवून त्यांतला एक भाकरीसारखा थापला, तर चार वर्षांचे पोर "भाकरीत माती जास्त" म्हणून बसते. स्वित्झर्लंडातील पियाजे नावाच्या शास्त्रज्ञाने मुलांपुढे असेच गोळे ठेवून दाखविले की, ही समज बहुतेकांना सात-आठाव्या वर्षाच्या सुमारास येते. तेव्हा तोपर्यंत पोराला "मठ्ठ" म्हणून टपली मारण्यात शहाणपण ते काय?

शब्दांचे तर भांडारच उघडते: खूर, शेपटी, वेसण, कासरा, झूल, घुंगरमाळ. पोर आपल्या बैलाची गोष्ट अहिराणीत सांगेल तर सांगू द्यावी. घरची बोली चूक आहे असे ज्या पोराला पहिल्याच दिवशी कळते, ते पुढे तोंडच उघडीत नाही. गोष्ट संपली की बाईंनी पाटीवर "बैल" लिहावे, आणि पोरांनी मातीची वळी वळून "ब" करावा. वळी वळताना, शिंग चिमटीने ओढताना ज्या बोटांत जोर येतो, तीच बोटे उद्या पेन्सिल धरणार आहेत. कपाशीच्या पैशातून फी भरून चार वर्षांच्या पोराकडून इंग्रजी अक्षरे गिरवून घेणाऱ्या घरांनी याचा विचार करावा. इंग्रजीला आमचा विरोध नाही; ती आपल्या पोरांना आलीच पाहिजे. पण बोट तयार नसता घोटवून घेतलेले अक्षर पोराच्या मनात शाळेचे भय तेवढे घालते.

हे खूळ आमच्याच डोक्यातून निघालेले नव्हे. माँटेसोरीबाईंनी १९०७ साली पहिले बालगृह काढले ते रोम शहरातल्या गरीब मजुरांच्या वस्तीत. त्यांची साधने पुढे महाग झाली व श्रीमंतांच्या शाळांत जाऊन बसली, ही गोष्ट वेगळी. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, पाने, माती यांवरच बालवाडी चालविली, आणि पोरे शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. चांगल्या कामाची जात आम्ही विचारीत नाही.

आणि जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे काय मागितले? वरिष्ठांच्या उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाआधी बहुजनांना प्राथमिक शिक्षण. आणि नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरावयास ज्याला लाज वाटणार नाही, असा शिक्षक. आमच्या समजुतीप्रमाणे त्या मागणीचा दुसरा अर्धा भाग असा की, रुमणे व वाकस धरणाऱ्यालाही शाळेत मानाची जागा हवी. कुंभाराला मातीविषयी जे कळते, ते आम्हांला ट्रेनिंग कॉलेजात कोणी शिकविले नाही.

कायद्याचेही एक ध्यानात ठेवा. २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. त्याखालच्या पोरांसाठी १९७५ च्या योजनेतून आलेली अंगणवाडी हाच गरिबाचा आधार आहे. तेथे खाऊबरोबर शिकणेही होते की नाही, हे आईबापांनी जाऊन पाहिले पाहिजे.

तर पोळ्याच्या आदल्या दोन सकाळी अंगणवाडीत हे काम ठेवले आहे. प्रत्येक घराने घमेलेभर माती चाळून आणावी. काचेचा तुकडा, काटा राहू देऊ नये. कुंभारदादा शिकवावयास येणार आहेत. त्यांच्या दोन सकाळींची मजुरी रोख द्यावयाची आहे, बलुत्याच्या पायलीवर भागवावयाची नाही. वर्गणी आजच जमवू. रंगाला गेरू, हळद व कोळसा पुरे. बाजारचा तेलरंग आणू नये, लहान पोरे बोटे तोंडात घालतात. आणि संध्याकाळी पोर चिखलाने माखून घरी आले तर हात धुवावेत, आणि बैलाला नाव काय ठेवले ते विचारावे.